बंदोबस्ताचा हिशेब कोण देणार?

डिसेंबर सरत आला की कोरेगाव भीमाचा वाद दर वर्षी नव्याने पेटतो, आणि दर वर्षी तो भलत्याच जागी पेटतो. १ जानेवारी १८१८ ची लढाई नेमकी कोणी जिंकली, कंपनीच्या तुकडीत महार सैनिक किती होते आणि पेशव्यांच्या फौजेत अरब किती, ती लढाई जातीविरुद्धची होती की पगारी शिपायांची, यावर रात्र-रात्र भांडणे होतात. तेवढ्यावर भागले नाही तर ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर भरलेल्या एल्गार परिषदेत कोण काय बोलले ते काढले जाते. इतिहासावर वाद जरूर व्हावा. पण १ जानेवारी २०१८ ला जे घडले ते समजून घ्यायला यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर लागत नाही. त्या दिवशी लढाईच्या स्मारकाला, जयस्तंभाला, अभिवादन करायला लाखो माणसे येणार हे ठाऊक होते. तारीख ठरलेली होती, रस्ता ठरलेला होता. मग त्या रस्त्यावर दगडफेक आणि जाळपोळ सुरू झाली तेव्हा ती थांबवायला पुरेसे पोलीस का नव्हते?

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. शांततेने जमलेल्या लोकांना हल्ल्यापासून वाचवणे हे सरकारचे पहिले काम आहे. ते लोक काय मानतात, कुणाच्या बाजूने बोलतात, त्यांचे बोलणे शेजारच्या गावाला आवडते का, यावर हे काम अवलंबून असू शकत नाही. असा हल्ला झाला की हल्लेखोरांवर खटले चालायलाच हवेत, पण त्याच्या जोडीने बंदोबस्ताचाही हिशेब मागितला गेला पाहिजे, नावानिशी आणि मुदतीत. आपल्याकडे हल्लेखोरांच्या खटल्यांवर निदान चर्चा तरी होते. बंदोबस्ताचा हिशेब कुणी मागतच नाही, आणि म्हणून हल्ले करणाऱ्यांचे फावते.

या मागणीवर पहिला आक्षेप पोलिसांच्या बाजूने येतो आणि तो खोटा नाही. आपल्या पोलीस ठाण्यांत माणसे कमी आहेत. बारा-बारा तासांची ड्युटी, रद्द झालेल्या रजा, एका ठाण्याच्या हद्दीत डझनभर गावे, आणि वर वर्षअखेरीचा बंदोबस्त. अधिकारी म्हणतात, प्रत्येक डोक्यात काय चालले आहे ते आम्हाला कसे कळणार? अचानक कुठे काही पेटले तर कोणतेच पोलीस दल तिथे जादूने उगवत नाही, हे मान्य. पण कोरेगावात अचानक असे काय होते? तिथून तीन-चार किलोमीटरवरच्या वढू बुद्रुकला, संभाजी महाराजांच्या समाधीजवळ, त्यांच्यावर अंत्यसंस्कार केल्याचे मानले जाणारे गोविंद गोपाळ महार यांच्या समाधीच्या फलकावरून तीन दिवस आधीच तणाव झाला होता. २९ डिसेंबरला तिथे नासधूस झाली आणि अॅट्रॉसिटीचा गुन्हाही नोंदवला गेला. म्हणजे धोका कुठून आहे, कशावरून आहे आणि कुणाला आहे, हे सरकारी कागदावर लिहिले गेले होते. शिवाय ते २००वे वर्ष होते, गर्दी नेहमीपेक्षा मोठी असणार हे सांगायला गुप्तवार्ता विभागाचीही गरज नव्हती. त्या दिवशी पोलीस अजिबात नव्हते असे कुणी म्हणत नाही. जे होते ते अपुरे पडले, आणि दगड, जाळलेल्या गाड्या आणि पळणारी बायकामुले यांच्यामध्ये त्यांना वेळेवर उभे राहता आले नाही.

हे टाळता आले असते का, या प्रश्नाचे उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. १ जानेवारी २०१९ ला त्याच रस्त्यावर, त्याच गावांमधून, लाखोंचा समुदाय गेला. या वेळी हजारो पोलीस होते, राज्य राखीव दलाच्या तुकड्या होत्या, ड्रोन होते, ठिकठिकाणी कॅमेरे होते, वाहनतळ आणि वाहतुकीचे मार्ग आधीच ठरवले होते. दिवस शांततेत पार पडला, आणि नंतरच्या वर्षांतही २०१८ सारखे काही घडले नाही. माणसे तीच होती, इतिहासावरचे मतभेद तेच होते, शेजारच्या गावांतला राग एका वर्षात विरघळून गेला होता असेही नाही. बदलला तो बंदोबस्त. हेच सरकार, हेच पोलीस दल आषाढीला लाखो वारकऱ्यांना पंढरपूरला सुखरूप पोचवते, विसर्जनाच्या दिवशी मुंबईचे रस्ते सांभाळते. त्यामुळे २०१८ च्या त्या सकाळी क्षमता नव्हती असे म्हणता येत नाही. ती तिथे लावावी असे कुणाला तरी वाटले नाही, आणि ते कुणाला, का वाटले नाही, हाच चौकशीचा विषय आहे. दोन दिवसांनी, ३ जानेवारीच्या महाराष्ट्र बंदनंतर, वस्त्यावस्त्यांत शिरून धरपकड करायला मात्र मनुष्यबळ लगेच मिळाले.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. ‘चिथावणी कुणी दिली ते बघा ना,’ असे लोक म्हणतात. भाषणे जहाल होती, घोषणा झोंबणाऱ्या होत्या, येणाऱ्यांच्या गर्दीतही चार भडक डोकी होती. याच दिवसाच्या हिंसेत एका तरुणाचा जीव गेला, आणि तो अभिवादनाला आलेल्यांपैकी नव्हता, त्याच परिसरात राहणारा होता. ही गोष्ट बाजूला सारून दलितांवरच्या हल्ल्याबद्दल बोलणारे अर्धेच सत्य सांगतात, हे मी मान्य करतो. त्या तरुणाच्या घरच्यांचे दुःख कुठल्याही विचारसरणीच्या हिशेबात बसवता येणार नाही. पण याचा अर्थ काय निघतो? वेळेवर पोलीस असते तर त्या दिवशी तोही संध्याकाळी घरी गेला असता. राज्य आपले काम सोडून देते तेव्हा ते फक्त मोर्च्याला उघड्यावर टाकत नाही, त्या रस्त्यावरच्या प्रत्येकालाच टाकते.

आणि चिथावणी म्हणजे नेमके काय? ज्याचे अस्तित्वच दुसऱ्याला खुपते, त्याने रस्त्यावर येणे हीच चिथावणी ठरते. १८८२ मध्ये इंग्लंडात हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे गेला होता. वेस्टन-सुपर-मेअर गावात साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती धर्मप्रसारक संघटनेचे लोक भजने म्हणत मिरवणूक काढत आणि ‘स्केलेटन आर्मी’ नावाचा जमाव त्यांच्यावर तुटून पडत असे. स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी सोपा मार्ग काढला: मिरवणूकवाल्यांनाच शांतताभंगासाठी जबाबदार धरले. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कायदेशीर गोष्ट करणारा माणूस, त्यामुळे दुसरा कुणी बेकायदा वागेल एवढ्याच कारणाने, गुन्हेगार ठरत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एस. रंगराजन खटल्यात हेच वेगळ्या शब्दांत सांगितले: हिंसेच्या धमकीपुढे नमून सरकारने अभिव्यक्ती दाबू नये, तिचे रक्षण करणे हेच सरकारचे कर्तव्य आहे. तरीही आपल्याकडे परवानगी नाकारताना ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता’ हे वाक्य ठाण्याच्या कागदावर डोळे मिटून उमटवले जाते. प्रश्न कोण निर्माण करणार आहे, हे त्या कागदावर कधी लिहिलेले नसते. धमकी देणाऱ्याला यातून काय शिकवण मिळते? पुढच्या वेळी दगडही उचलायची गरज नाही, नुसता इशारा पुरे.

आपल्या मातीतले सर्वांत स्पष्ट उदाहरण महाडचे आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला आलेले लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पाणी पिणे ही त्या दिवशीची ‘चिथावणी’ होती. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवली गेली आणि जमावाने परतणाऱ्या, जेवणाऱ्या, एकट्यादुकट्या माणसांना गाठून मारले. मामलेदार आणि पोलीस अधिकारी बाबासाहेबांकडे बंगल्यावर आले. ‘तुम्ही इतरांना आवरा, मी माझ्या लोकांना आवरतो,’ अशा आशयाचे बाबासाहेब त्यांना म्हणाल्याचे चरित्रात नोंदले आहे. लोकशाहीत मोर्चा काढणारा आणि राज्य यांच्यातला सगळा करार या एका वाक्यात आला आहे, असे मला वाटते. आपल्या लोकांचा हात उठू न देणे ही नेत्याची जबाबदारी. इतरांचा हात आपल्या लोकांवर पडू न देणे ही सरकारची. बाबासाहेबांनी आपली बाजू पाळली. सूड घ्यायला निघालेल्या, संख्येने कमी नसलेल्या माणसांना त्यांनी थांबवले. सरकारने दिवस गेल्यावर आपली थोडी पाळली: हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. परकीय राजवटीत, काही महिन्यांच्या आत. आज आपल्याच राज्यात, आपल्याच संविधानाखाली, यापेक्षा कमी अपेक्षा का ठेवायची?

तिसरा युक्तिवाद माझ्या जवळच्या लोकांकडून येतो आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. ते म्हणतात, पोलिसांकडून रक्षणाची आशाच कशाला करता? त्यांना जास्त बळ, जास्त कॅमेरे, जास्त अधिकार मागाल तर ते आपल्यावरच वापरले जातील. या भीतीला आधार आहे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरच्या सभेवर दगड आले, पोलिसांची लाठी सभेला आलेल्यांवर पडली, आणि पाच दिवसांनी निषेधाच्या मोर्च्यात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेले. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींबद्दल न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. त्यांच्यावर पुढे काय कारवाई झाली हे मुंबईकरांना ठाऊक आहे. कोरेगावच्या बाबतीतही पहिल्या फिर्यादींपैकी एकीत संभाजी भिडे आणि मिलिंद एकबोटे या दोन हिंदुत्ववादी नेत्यांची नावे होती. दोघांनीही आरोप नाकारले. एकबोटे यांना सर्वोच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारल्यावर मार्च २०१८ मध्ये अटक झाली आणि महिन्याभरात जामीनही मिळाला. भिडे यांना अटक झाली नाही. दुसऱ्या बाजूला, त्याच वर्षाच्या जूनपासून एल्गार परिषदेतल्या भाषणांमुळे हिंसा भडकली या आरोपाच्या तपासात लेखक, वकील, प्राध्यापक पकडले गेले, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला, सोळा जण तुरुंगात गेले, आणि ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी जुलै २०२१ मध्ये कोठडीतच मरण पावले. कोण दोषी, कोण निर्दोष, हे न्यायालय ठरवील. पण तपासाचा वेग आणि वजन कुठल्या दिशेने झुकले हे बघायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, त्यातही धोका म्हणून उल्लेख आहे तो कडव्या डाव्या संघटनांचा. कडव्या उजव्यांसाठी असे वेगळे विधेयक कधी आलेले नाही.

मग पोलिसांवर काट मारून आपण आपले रक्षण करावे का? या वाटेने गेलेल्यांचे काय झाले ते अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो शहराने पाहिले आहे, आणि ती कहाणी मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण तिच्यात दोन्ही धडे आहेत. ३ नोव्हेंबर १९७९, उत्तर कॅरोलायना. कापड गिरण्यांत संघटना बांधणाऱ्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी मॉर्निंगसाइड होम्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतून कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेविरुद्ध मोर्चा जाहीर केला होता. घोषणा जहाल होती, क्लॅनला मृत्यू असो. परवानगी देताना पोलिसांनी मोर्चेकऱ्यांना शस्त्रे बाळगायची बंदी घातली. क्लॅनमध्ये पोलिसांचा एक पगारी खबऱ्या होता. त्याने आधीच सांगितले होते की क्लॅन आणि नाझी पक्षाचे लोक शस्त्रे घेऊन येणार आहेत. मोर्च्याचा मार्ग असलेल्या परवानगीपत्राची प्रत पोलिसांनी त्याच खबऱ्याच्या हाती दिली. त्या सकाळी नऊ गाड्यांचा ताफा निघाला तेव्हा एक पोलीस अधिकारी त्याच्या मागोमाग जात होता, फोटो काढत होता. आणि मोर्च्याच्या बंदोबस्तावरच्या पथकाला त्याच वेळी जेवणाला सोडलेले होते. ८८ सेकंदांत पाच माणसे मेली. हे सगळे दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांनी टिपले. तरीही १९८० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये गोऱ्या ज्यूरींनी आरोपींना निर्दोष सोडले. १९८५ च्या दिवाणी दाव्यात क्लॅनवाल्यांसोबत पोलीस अधिकाऱ्यांनाही जबाबदार धरले गेले, तेही पाचांपैकी एकाच मृत्यूसाठी.

आता मोर्चेकऱ्यांकडे पाहा. पोलिसांवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि तो नसणे चूक होते असे कोण म्हणेल? पण बंदी असूनही त्यांच्यापैकी काहींनी पिस्तुले आणली होती, आणि हल्ला सुरू झाल्यावर काही गोळ्या त्यांच्याकडूनही सुटल्या. त्यांचे रक्षण त्या पिस्तुलांनी झाले नाही. झाले ते एवढेच की मारेकऱ्यांच्या वकिलांना ‘आम्ही स्वसंरक्षण केले’ असे ज्यूरीपुढे म्हणायला जागा मिळाली. महाडचा संयम आणि ग्रीन्सबरोची पिस्तुले समोरासमोर ठेवली की बाबासाहेबांनी आपल्या लोकांना का आवरले, त्यामागचे राजकीय शहाणपण दिसते. मार खाणाऱ्याने हात उचलला की राज्याला आपल्या जबाबदारीतून सुटायची वाट मिळते. म्हणून हक्क सोडून देणे आणि हातात दगड घेणे, दोन्ही चूक. उरते ते राज्याला त्याच्या कामावर धरून ठेवणे, कितीही कंटाळवाणे आणि संतापजनक असले तरी.

ग्रीन्सबरोत २००४ मध्ये एक सत्यशोधन आयोग बसला. नागरिकांनी पुढाकार घेऊन बसवलेला, शिक्षा देण्याचे अधिकार नसलेला. २००६ च्या अहवालात त्याने क्लॅनला दोषी धरले, मोर्चेकऱ्यांच्या बेफिकीर भाषेवरही बोट ठेवले, आणि तरीही हिंसा होऊ देणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट कोणती, तर पोलिसांची गैरहजेरी, असे स्पष्ट लिहिले. मला हा अहवाल यासाठी महत्त्वाचा वाटतो की त्याने सगळ्यांना थोडे थोडे दोषी ठरवून सोडून दिले नाही, दोषाची प्रतवारी लावली. २०२० मध्ये नगर परिषदेने माफी मागितली. एकेचाळीस वर्षांनी. आपल्याकडे फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला तेव्हा त्याला चार महिन्यांची मुदत होती. त्यानंतर वर्षानुवर्षे मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत राहिली. साक्षीदार म्हातारे होतात, अधिकारी बढती घेऊन बदलून जातात, सरकारे येतात-जातात, आणि उशिरा येणारा अहवाल इतिहासाचा होतो, प्रशासनाचा राहत नाही.

कुणी विचारील, उद्या उजव्या संघटनेची मिरवणूक निघाली आणि तिच्यावर दगड आले तर? तर तिलाही पोलिसांनी वाचवले पाहिजे, याच शब्दांत, इतक्याच जोराने. मी ज्यांच्या विरोधात लिहितो त्यांच्या शांततामय सभेलाही हे संरक्षण मिळालेच पाहिजे. मात्र दोन गोष्टी समान मोजायच्या तर प्रामाणिकपणे मोजाव्यात. १९६१ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला फ्रीडम रायडर्सची, म्हणजे बसमधल्या वर्णभेदाला आव्हान देत निघालेल्या कार्यकर्त्यांची, बस आली तेव्हा तिथले पोलीस ज्यांच्या हाताखाली होते त्या सार्वजनिक सुरक्षा आयुक्त कॉनर यांनी क्लॅनला मारहाणीसाठी पंधरा मिनिटे देऊ केली होती, आणि नंतर सांगितले की ‘मदर्स डे’ असल्याने पोलीस घरी होते. संख्याबळाची कमतरता आणि सहानुभूतीची कमतरता बाहेरून सारख्याच दिसतात. दोन्हींत पोलीस उशिरा पोचतात. फरक कळतो तो कागदपत्रांतून: इशारा कधी आला, तो कुणी वाचला, किती माणसे मागितली, किती दिली, कुणी नाकारली. म्हणून मला पोलिसांच्या मनात काय होते ते शोधण्यात फार रस नाही. ते कागद बाहेर यावेत, एवढीच मागणी आहे.

यासाठी नवा कायदाही लागत नाही. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कुचराई करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद करते. १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम धोक्याची गावे आधी हेरून तिथे विशेष पोलीस दल ठेवायला सांगतो. २९ डिसेंबरला वढूत अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवला गेला, त्याच क्षणी हा नियम लागू करण्याइतकी माहिती प्रशासनाच्या हाती होती. त्यानंतरच्या तीन दिवसांत पुणे ग्रामीण पोलिसांनी आणि जिल्हा प्रशासनाने या नियमाखाली कोणते लेखी आदेश काढले, गुप्तवार्ता विभागाचे कोणते इशारे कुणाच्या टेबलावर गेले, जादा कुमक कुणी मागितली आणि ती कोणत्या हुद्द्यावर अडली, हे तारीखवार जाहीर झाले पाहिजे. आयोगाचा अहवाल आला की त्यात मी आधी हीच पाने शोधणार आहे. ती नसतील, तर सरकारने कलम ४ चा विचार का केला नाही हा प्रश्न विधानसभेत विचारण्याचे काम आपण ज्यांना निवडून देतो त्यांचे आहे, मग ते सत्तेच्या बाजूला बसत असोत की विरोधात.